चित्तप्रसाद यांचीं ठशांचीं चित्रें

गेल्या सहामाहींत आमच्या बिबवेवाडीच्या शाळेंत एका विद्यार्थ्यानें लिनोलियमच्या तुकड्यावर आपलें नांव कोरिलें. कागद उचलून पाहतो तों सर्व अक्षरें उलटीं! वर्गांत हशा पिकला. परंतु त्या निमित्तानें आम्हांस चित्तप्रसाद भट्टाचार्य यांच्या कलेचा परिचय विद्यार्थ्यांस करून देण्याची संधि मिळाली.

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ सालीं बंगालमधील नैहाटी येथें झाला. १९४३ च्या दुष्काळांत मेदिनीपूर जिल्ह्यांत हिंडून त्यांनीं उपासमारीनें खंगलेल्या माणसांचीं चित्रें काढलीं. त्या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारनें जप्त करून नष्ट केल्या. पुढें १९४६ च्या सुमारास ते मुंबईस आले व अंधेरी येथें त्यांनीं अनेक वर्षें काढलीं. १९७८ सालीं ते निवर्तले.

लिनोलियम म्हणजे जवसाचें तेल व बुचाचा भुगा यांचा गोणपाटावर दिलेला थर. त्यावर चित्र उलटें रेखाटावयाचें, खांचणीनें कोरावयाचें, शाईचा रूळ फिरवावयाचा व वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनें घांसावयाचा. जेवढें कोरावें तेवढें पांढरें राहतें. जेवढें राखावें तेवढें काळें उमटतें. येथें रबर चालत नाहीं. एकदां उडालेला तुकडा परत बसत नाहीं. म्हणून रेघ आधीं मनांत पक्की करावी लागते. मात्र एकदां ठसा सिद्ध झाला म्हणजे थोड्या खर्चांत पुष्कळ प्रती निघतात, आणि चित्र गरिबाच्या घरींहि पोहोंचूं शकतें.

त्यांच्या चित्रांत कांहीं आकृति पुनःपुन्हां येतात : लेंकराला उराशीं धरलेली आई, शेतकरी, मजूर. १९५२ च्या सुमारास त्यांनीं पोटासाठीं राबणाऱ्या मुलांची एक चित्रमालाच कोरिली. ‘परीकथांवांचून देवदूत’ अशा अर्थाचें तिचें नांव आहे. युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीनें ती १९६९ सालीं प्रसिद्ध केली. दुष्काळांत पाहिलेलीं मुलें त्यांच्या मनांतून गेलीं नव्हतीं, असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थीमित्रहो, बालमजुरीविरुद्धचा १९८६ चा कायदा २०१६ सालीं अधिक कडक झाला. तरी चहाचे पेले उचलणारा तुमच्याच वयाचा मुलगा रस्त्यांत कधीं ना कधीं दिसतोच. त्यास आपण ‘ए पोऱ्या’ म्हणून हांक मारतों. आपल्या वर्गांतील मुलाचें नांव उलटें उमटलें म्हणून आपण हंसलों. त्या मुलाचें नांव मात्र आपण कधीं विचारिलेंहि नाहीं. पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं तें आधीं विचारावें, आणि मग तो शाळेंत कां नाहीं, हेंहि विचारावें.