जुन्या पाट्या, जुने डबे

चिखलीच्या बाजारपेठेत एखाद्या जुन्या दुकानावर चहाची किंवा साबणाची इनॅमलची पाटी दिसली, तर जरा थांबून पाहा. साधा रंगवलेला फलक काही पावसाळ्यांतच फिका पडतो. ही पाटी मात्र पन्नास-साठ वर्षांनीही चकाकते. अशा पाट्या आणि डबे बहुधा भंगारात वजनावर जातात. काहीजण मात्र ते हौसेने जमवतात. जमवलेली वस्तू ओळखायला आणि टिकवायला थोडे विज्ञान लागते.

पाटीवरची काच

इनॅमल म्हणजे रंग नव्हे, ती काच आहे. काचेची भुकटी पाण्यात कालवून पोलादी पत्र्यावर चढवतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. पहिल्या थरातील कोबाल्ट ऑक्साइडमुळे काच पत्र्याला घट्ट चिकटते. पुढे रंगाचे थर चढवून पुन्हा भाजतात. म्हणून पाटीवरून बोट फिरवले, की अक्षरांच्या कडा बहुधा किंचित उंच लागतात.

मागची बाजू कोणी पाहत नाही. मग तिच्यावरही काच का? दोन धातूंची जोडपट्टी तापवली की वाकते, हे तुम्हांला ठाऊक आहे. काच आणि पोलाद यांचे आकुंचनही सारखे नसते. एकाच बाजूला काच असती, तर थंड होताना पाटी वाकली असती. पोलाद किंचित जास्त आकुंचन पावेल, असेच काचेचे मिश्रण निवडतात. त्यामुळे काच दाबाखाली राहते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. मात्र खिळा फार आवळला तर टवका उडतो आणि तेथून गंज शिरतो. जुन्या पाटीचा गंज बहुधा भोकांभोवती आणि कडांना असतो. तो सगळीकडे सारखा दिसला, तर शंका घ्यावी.

डब्याची कल्हई

१९३७ साली आलेल्या डालडाचे पिवळे डबे पुढे घरोघरी धान्य साठवण्यास वापरले गेले. अशा डब्याच्या लोखंडी पत्र्यावर कथिलाचा पातळ थर असतो, भांड्याच्या कल्हईसारखाच. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी १८१० साली अन्न टिकवण्याच्या अशा डब्याचे पेटंट घेतले. कथिल गंजत नाही. पण ओरखडा पडून ओल लागली, की तेथे छोटा विद्युतघट तयार होतो. कथिलापेक्षा लोखंड सहज इलेक्ट्रॉन देते, म्हणून लोखंडच झिजते. जस्ताचे उलट आहे: ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

करून पाहा

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा एक आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा एक, असे दोन तुकडे मोठ्या माणसाकडून कापून घ्या. दोन्हींवर खिळ्याने खोल ओरखडा काढा आणि वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा. रोज निरीक्षण लिहा. तांबडा गंज प्रथम कोठे दिसतो?

निगा

लिंबू, चिंच, राख, तारेची घासणी वापरू नका. आम्लाने चकाकी जाते आणि घासण्याने मुलामा निघतो. ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. टवक्यावर पातळ मेण लावा. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून ते खरवडू नका आणि अशा डब्यांत खाद्यपदार्थ ठेवू नका.

वस्तू कोठे, केव्हा, कोणत्या दुकानातून मिळाली, ते वहीत नोंदवा. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात तो पाहता येतो. तुमच्या गावातली पाटी भंगारात जाण्यापूर्वी निदान तिची नोंद तरी तुम्ही करू शकाल.