पोलंड देशाची ओळख
(वरच्या वर्गांसाठी भूगोल व इतिहास यांची सांगड घालणारा पाठ)

प्रास्ताविक

परदेशाचा पाठ म्हटला म्हणजे राजधानी, नद्या व पिके यांची यादी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्याकडे पुष्कळदा कल होतो. यादी परीक्षेपुरती टिकते, देश मात्र मुलांच्या मनात उतरत नाही. त्यापेक्षा आपण त्या देशास प्रवासाला निघालो आहोत, अशी कल्पना करून पाठ घेणे अधिक फलदायी होते. प्रवाशाला पडणारे प्रश्न अगदी साधे असतात. देश कोठे आहे? तेथे थंडी किती? खायचे काय? बोलायचे कोणत्या भाषेत? तेथील लोकांशी आपला पूर्वी काही संबंध आला आहे काय? पोलंडच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. म्हणून नमुन्यादाखल तो देश येथे घेतला आहे.

स्थान व विस्तार

शिक्षकांनी युरोपचा नकाशा भिंतीवर लावून मध्यभागी पोलंड दाखवावा. पश्चिमेस जर्मनी, दक्षिणेस चेकिया व स्लोव्हाकिया, पूर्वेस युक्रेन व बेलारूस, ईशान्येस लिथुआनिया आणि रशियाचा एक तुकडा, उत्तरेस बाल्टिक समुद्र, अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. क्षेत्रफळ सुमारे ३,१२,७०० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, हे सांगताच पोलंडच्या आकाराची कल्पना मुलांस येते. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे.

दक्षिण सरहद्दीवर डोंगर आहेत. त्यांतील सर्वोच्च शिखर रिसी सुमारे २,५०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. उरलेला बहुतेक देश सपाट आहे. विस्तुला नदी दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावून क्राकूव व वॉर्सा या शहरांवरून १,०४७ किलोमीटर वाहत जाऊन बाल्टिक समुद्रास मिळते. गंगाखेडच्या मुलांना गोदावरी पूर्वेकडे वाहताना रोज दिसते. नदी उत्तरेकडे का वाहते, हा प्रश्न त्यांना विचारल्यास जमिनीच्या उताराचा नियम ती आपण होऊन सांगतील.

हवामान व पिके

परभणी विषुववृत्तापासून सुमारे १९ अंशांवर, तर पोलंड ४९ ते ५५ अंशांच्या दरम्यान आहे. त्यामुळे वॉर्सात जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा व डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही कमी असतो. हिवाळ्यात बर्फ पडते. प्रवाशाने जाड लोकरी कपडे व पाणी न शिरणारे बूट न्यावेत.

पाऊस सरासरीने वर्षास ६०० मिलिमीटरच्या सुमारास पडतो, पण तो बारा महिन्यांत विभागलेला असतो. ऊन सौम्य असल्याने ओल लवकर उडून जात नाही. आपल्याकडील काळी जमीन अग्निजन्य खडकापासून झाली आहे. तेथील पुष्कळशी जमीन प्राचीन काळच्या बर्फाच्या थरांनी आणून टाकलेल्या वाळूची व मातीची आहे. म्हणून तेथे राय नावाचे धान्य, बटाटे व सफरचंदे भरपूर पिकतात. जशी आपली ज्वारीची भाकरी, तशी त्यांची रायची काळसर पावरोटी. साखर उसाची नव्हे, तर बीटाच्या कंदाची करतात. अशा साखरेचा जगातील पहिला कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गावी निघाला, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. बीटाचे लाल सार आणि करंजीच्या आकाराचे, सारण भरून उकडलेले पिएरोगी हे तेथील घरोघरचे पदार्थ होत.

इतिहास : भाषा व शाळा

हा भाग शिक्षकांनी सावकाश शिकवावा. सन १७७३ मध्ये पोलंडने राष्ट्रीय शिक्षण आयोग स्थापिला. युरोपातील सरकारी शिक्षणखात्याचे ते आद्य उदाहरण मानतात. परंतु १७७२, १७९३ व १७९५ या सालांत शेजारच्या रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी त्या देशाचे तुकडे करून वाटून घेतले, आणि पुढे सव्वाशे वर्षे पोलंड हा स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हता. या काळात देश टिकला तो भाषेत. सन १९०१ मध्ये व्झेश्न्या या गावातील शाळेत धर्माचा पाठ जर्मन भाषेत सुरू झाला, तेव्हा मुलांनी त्या भाषेत उत्तरे देण्याचे नाकारले. त्यांना छड्या खाव्या लागल्या, पण ती बधली नाहीत. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला.

मराठवाड्यातील शिक्षकास या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. निजामी राजवटीत राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा मार्ग त्यामुळे किती बिकट होई, हे गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले पुष्कळांस आठवत असेल. मात्र दोष कोणत्याही भाषेचा नसतो, मुलाची भाषा काढून घेण्याचा असतो, हे वर्गात स्पष्ट करावे.

सन १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशिया या दोघांनी पोलंडवर आक्रमण केले. जर्मनांनी वरिष्ठ शाळा बंद केल्या, तेव्हा शिक्षकांनी जीव धोक्यात घालून घरांतून गुप्तपणे वर्ग चालविले. आउशवित्झ येथील छळछावणीत सुमारे अकरा लक्ष माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक ज्यू होती. वॉर्सा शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला. जुनी चित्रे व नकाशे पाहून लोकांनी जुने शहर पुन्हा जसेच्या तसे उभारले.

वळिवडे येथील छावणी

सन १९४० व ४१ मध्ये पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांना सोव्हिएत सरकारने सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. १९४१ च्या करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली व ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. सन १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. त्यांच्या छावणीत दवाखाना व प्रार्थनामंदिर होते, आणि पोलिश भाषेतून शिकविणाऱ्या शाळाही होत्या. परक्या मुलखात, उसन्या छपराखाली, त्यांनी शाळा बंद पडू दिली नाही. सन १९४८ पर्यंत त्यांतील बहुतेक निघून गेले. पुष्कळांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेल्याने त्यांना मायदेशी घर उरले नव्हते. त्याच जागी पुढे फाळणीमुळे आलेले सिंधी निर्वासित वसले. ते आजचे गांधीनगर. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकास पुष्पचक्र वाहिले. ज्यांनी एकेकाळी आसरा घेतला, त्या लोकांच्या देशाने २०२२ मध्ये युद्धामुळे आलेल्या लक्षावधी युक्रेनी निर्वासितांस आसरा दिला, हेही मुलांस सांगावे.

प्रवाशास उपयुक्त माहिती

पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात सामील झाला. भारतीय प्रवाशास पारपत्राखेरीज शेंगेन प्रवेशपत्र लागते. नाणे झ्लॉटी असून त्याचे शंभर ग्रोश होतात. आपले घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास व उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. लिपी रोमन आहे, पण काही अक्षरांस चिन्हे जोडलेली असतात. 'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार व 'जेंकूये' म्हणजे आभारी आहे, एवढे शब्द आल्यास लोकांस आनंद वाटतो. क्राकूवचे जुने शहर, त्याजवळची व्येलिच्का येथील मिठाची प्राचीन खाण आणि कोपर्निकसचे जन्मगाव तोरून ही पाहण्याजोगी स्थळे होत. मेरी क्युरी यांचा जन्म वॉर्सात १८६७ मध्ये झाला. त्यांनी शोधलेल्या एका मूलद्रव्यास मायदेशाच्या नावावरून पोलोनियम हे नाव दिले. त्या वेळी तो देश नकाशावर नव्हता.

स्वाध्याय

१. महाराष्ट्र व पोलंड यांचा विस्तार, नद्या व पिके यांचा तुलनात्मक तक्ता करा.
२. पोलंडला जाणाऱ्या प्रवाशाने डिसेंबरात व जूनमध्ये कोणते कपडे न्यावेत? कारणे द्या.
३. वळिवड्याच्या छावणीत सर्व गैरसोयी असूनही शाळा का काढली असेल? आपल्या शब्दांत दहा ओळी लिहा.
४. गावात बाहेरून येऊन राहिलेल्या एखाद्या कुटुंबाच्या मुलाचे शाळेत स्वागत कसे कराल, ते सांगा.

चौथ्या प्रश्नास तोंडी उत्तर घेऊन थांबू नये. ऊसतोडीच्या किंवा अन्य कामासाठी आलेल्या कुटुंबातील मूल वर्गात असल्यास त्याची बोली, त्याची गाणी व त्याच्या गावाचे नाव फळ्यावर यावे. तेवढे झाले म्हणजे हा पाठ पुरा झाला असे समजावे.