झाडांचे अदृश्य अन्न

आपल्या जोयडा तालुक्यातील कुणबी शेतकरी मुडलीचा कंद खणून काढतो, तेव्हा तो कंद मातीतून निघाला एवढे आपण डोळ्यांनी पाहतो. आणि जे मातीतून निघाले ते मातीचेच झाले असणार, असे मनाशी धरून चालतो. हा समज फार जुना आहे. वस्तुतः त्या कंदातील पाणी बाजूला काढले, तर उरलेल्या कोरड्या भागात मातीतून आलेले असे फारच थोडे असते. कंद जाळल्यावर चिमूटभर राख राहते ना, तेवढाच मातीचा वाटा. बाकीचे पिठूळ द्रव्य मुडलीच्या रुंद पानांनी हवा आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशात तयार केलेले असते.

ही गोष्ट माणसाला उलगडण्यास दोन शतके लागली. बेल्जममधील व्हान हेल्माँट या पंडिताने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत भरून तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. मातीचे वजन मात्र अवघे दोन औंस घटले होते. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेच बनते, असे त्याने अनुमान काढले. ते अर्धेच खरे होते, कारण कुंडीभोवतालच्या हवेकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. पुढे १७७१ मध्ये प्रीस्टलेने पुदिन्याच्या डहाळीने दूषित हवा पुन्हा मेणबत्ती जळण्याजोगी होते हे दाखविले. इंगेनहाउसने १७७९ मध्ये त्या कार्यास उजेड लागतो हे सिद्ध केले. सेनेबिये आणि सोस्यूर या जिनीव्हाच्या दोन शास्त्रज्ञांनी १७८२ ते १८०४ या काळात हवेतील कर्बाम्ल वायूच वनस्पतीचे अन्न बनतो, हे वजनमापांनी पक्के केले.

कर्बाम्ल वायू म्हणजे आपण ज्याला आज कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतो तो. हवेत त्याचे प्रमाण किती असते? दहा हजार तांदळाच्या दाण्यांत चार खडे मिसळले, तर जेवढे होईल तेवढे. शास्त्रज्ञ ते दहा लाखांत किती भाग असे मोजतात. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हे प्रमाण सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. इतक्या विरळ अन्नासाठी झाडाला पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे उघडी ठेवावी लागतात, आणि ती उघडली की आतील पाणी बाहेर निसटते. हवेतून एक कण उचलण्यासाठी शेकडो कण पाणी खर्ची घालावे, असा हा तोट्याचा वाटणारा व्यवहार झाड आयुष्यभर करीत असते.

मग हा वायू झाडाला थोडा अधिक पुरविला तर? हा विचार प्रथम थंड देशांतील बागवानांना सुचला, आणि त्याला कारणही तसेच होते. हॉलंडमध्ये काचेच्या घरांत टोमॅटो आणि काकड्या पिकवितात. हिवाळ्यात ऊब राहावी म्हणून त्या घरांच्या खिडक्या बंद असतात. सकाळी ऊन वर आले की आतील हजारो पाने एकदम कामाला लागतात आणि थोड्याच वेळात कोंडलेल्या हवेतील कर्बाम्ल २०० भागांपर्यंत खाली येते. खत आहे, पाणी आहे, ऊब आहे, आणि तरी झाड उपाशी! विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथील बागवान रॉकेल किंवा नैसर्गिक वायू स्वच्छ जाळून त्यातून निघणारा कर्बाम्ल या घरांत सोडू लागले. २००५ पासून तर रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा हा वायू एका जुन्या तेलवाहिनीतून शेकडो काचघरांना पोचविला जातो. कारखान्याच्या धुराड्यातून फुकट जाणारी वस्तू काकडीच्या पोटात घालण्याची ही युक्ती मला मोठी हिशेबी वाटते. दिव्यांच्या उजेडावर बंद खोल्यांत रोपे वाढविणारेही हीच पद्धत वापरतात. कॅनडामध्ये २०१८ साली कायद्याने मुभा मिळाल्यानंतर गांजाच्या बागाही अशा चालतात. आपल्या देशात मात्र परवान्यावाचून गांजा लावणे हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आपण आपले टोमॅटो, गुलाब आणि सुपारीच्या रोपांपुरतेच बोलू.

सामान्यतः अशा घरांत वायूचे प्रमाण ८०० ते १००० भाग ठेवतात. अमेरिकेतील ब्रूस किंबॉल यांनी १९८३ मध्ये पूर्वीच्या ४३० निरीक्षणांचा एकत्र विचार केला, तेव्हा वायूचे प्रमाण दुप्पट केल्यास पिकाचे उत्पन्न सरासरीने एक तृतीयांश वाढते असे दिसून आले. परंतु सर्व पिके सारखी नसतात. भात, सुपारी, नारळ, कंदमुळे, भाजीपाला यांना जास्त वायूचा लाभ होतो. ऊस, ज्वारी आणि मका यांच्या पानांत हा वायू एकवटून घेण्याची व्यवस्था जन्मतःच असल्याने त्यांना वरून वाढलेले फारसे जाणवत नाही. हजार-बाराशे भागांच्या पलीकडे तर कोणत्याही पिकाला विशेष मिळत नाही. आणि मिळते तेही निव्वळ लाभाचे नसते. वायू वाढलेल्या उघड्या शेतांतील गहू आणि तांदूळ तपासले असता त्यांत लोह व जस्त कमी भरले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. दाणे वाढले, पण त्यांतील कस तेवढ्या प्रमाणात वाढला नाही.

आता आपण थोडे गणित करू. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिच्यात ३६ घनमीटर, म्हणजे ३६,००० लिटर हवा मावेल. तीतील वायू ४२० वरून १००० भागांवर न्यावयाचा, तर ५८० भागांची भर हवी. हिशेब करून पाहा. उत्तर सुमारे २१ लिटर येईल, आणि त्याचे वजन जेमतेम ३८ ग्रॅम भरेल. एवढे अल्प! शांत बसलेला एक प्रौढ मनुष्य तासाभरात जवळजवळ इतकाच वायू उच्छ्वासातून टाकतो. याच हिशेबाने आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गात पावसाच्या झडीमुळे खिडक्या लावून चाळीस मुले बसली, तर एका तासात तेथील प्रमाण चार हजारांच्या घरात जाईल. शेवटच्या तासाला येणाऱ्या जांभयांचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारू नये, तो यासाठी.

परंतु वर काढलेले ३८ ग्रॅम ही बंद खोलीची गोष्ट झाली. त्याच खोलीचे झरोके उघडले आणि तासाभरात आतील हवा तीस वेळा बदलली, तर तेवढीच पातळी राखण्यास तासाला किलोभराहून अधिक वायू ओतावा लागेल, आणि त्यातील बहुतेक सर्व बाहेर जाईल. आपल्याकडील अडचण नेमकी येथे आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ भागात, तळेगावच्या आसपास गुलाबांची मोठमोठी हरितगृहे आहेत; तेथील फुले परदेशी जातात. ही घरे प्लास्टिकच्या कागदाने आच्छादलेली असली तरी बाजूंनी आणि माथ्यावर हवा खेळण्यास वाट ठेवलेली असते, कारण ती बंद केली तर दुपारच्या उन्हाने आत भट्टी होईल. हॉलंडचा बागवान उबेसाठी दारे लावतो आणि आपला बागवान गारव्यासाठी ती उघडतो. एकाची युक्ती दुसऱ्याने जशीच्या तशी उचलली तर पैसा वाऱ्यावर उडेल. सकाळी ऊन येऊन झरोके उघडेपर्यंतच्या तास-दोन तासांतच काय तो उपयोग. वायूच्या नळकांड्यांची जाहिरात पाहून कोणी भुलत असेल, तर त्याने प्रथम आपल्या घराची दारे किती वेळ बंद राहतात हे मोजावे.

केरळातील कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने माथा उघडा असलेल्या पारदर्शक कोठड्यांत नारळाची रोपे वाढवून त्यांना जास्त कर्बाम्ल देऊन पाहिला आहे. त्यामागे बागाइतदाराचे उत्पन्न वाढविण्याचा हेतू नाही. उद्याच्या जगात हवाच अशी झाली तर झाडे कशी वागतील, हे आज जाणून घ्यावयाचे आहे.

आपल्या सुपारीच्या बागांना मात्र एक नैसर्गिक पुरवठा फार पूर्वीपासून आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात बागेला जोडून पालापाचोळ्यासाठी रान राखण्याची रीत आहे. कन्नडमध्ये त्याला सोप्पिनबेट्ट म्हणतात. तेथील हिरवा व वाळका पाला बागेत आणून पसरतात. तो कुजताना असंख्य जिवाणू आणि बुरशी श्वसन करतात, आणि जमिनीलगत कर्बाम्ल वायू सतत निघत राहतो. दाट बागेच्या तळाशी वारा कमी असल्यामुळे तो काही वेळ तेथेच रेंगाळतो. उंच झावळ्यांपर्यंत त्यातील किती पोचतो, हा प्रश्न निराळा. पण खाली वाढणाऱ्या मिरवेलीच्या आणि वेलदोड्याच्या पानांना तो आयता मिळतो. पाला घालण्याचे मुख्य कारण अर्थातच जमिनीचा ओलावा आणि कस हे आहे.

या वायूचा दुसरा चेहरा सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. तो रंगहीन आहे, त्याला वास नाही, आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो खोल जागी साचतो. जुन्या विहिरी, धान्याची पेवे, बंद तळघरे येथे तो दबा धरून असतो. पाच हजार भागांच्या हवेत आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची सीमा मानतात. चाळीस हजारांवर जिवाला धोका उत्पन्न होतो. आणि शंभरात दहा भाग झाला, तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल पूर्ण भरवशाची नाही, कारण मनुष्याला अपाय होऊ लागला तरी कंदील जळतच असतो, शिवाय अन्य विषारी वायूंचा त्याने पत्ता लागत नाही. एक मनुष्य विहिरीत कोसळला की त्याला काढण्यासाठी दुसरा धावून उतरतो आणि तोही बुडाशीच राहतो, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. वरून आरडाओरड करावी, माणसे जमवावी, अग्निशामक दलाला बोलवावे. पण श्वासाचे साधन असल्यावाचून खाली उतरू नये. घरात रोपांसाठी म्हणून शेगडी किंवा रॉकेलची चूल पेटविणे हाही असाच अविचार होय. ज्वलन अपुरे झाले की कर्बाम्लाबरोबर त्याहून कितीतरी घातक असा कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो माणसास मारतो; आणि इथिलीन निघते, त्याने कळ्या गळून पडतात.

निर्धास्तपणे करून पाहण्यासारखा प्रयोग शाळेतच आहे. तळ्यात किंवा संथ ओढ्यात हायड्रिला नावाची पाणवनस्पती मिळते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर प्रयोग करून १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका मोठ्या चंचुपात्रात उकळून थंड केलेले पाणी घ्या, त्यात हायड्रिलाच्या ताज्या फांद्या नरसाळ्याखाली ठेवा, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घाला, आणि पात्र उन्हात ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. उकळल्याने पाण्यातील कर्बाम्ल निघून गेलेला असल्यामुळे ते अगदी थोडे येतील. नंतर पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजा. संख्या वाढलेली दिसेल. आणखी एक चिमूट टाकून पाहा. मग पात्र खिडकीपासून दोन मीटर आत, सावलीत आणा. बुडबुडे मंदावतील, आणि तेथे आणखी सोडा घातला तरी त्यांची गती फारशी वाढणार नाही.