दुर्भिक्ष आणि पाण्याचा हिशेब

अवर्षण आणि दुर्भिक्ष हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते बरोबर नव्हे. पाऊस न पडणे हे अवर्षण. ते मेघांच्या हाती. भिक्षा मिळणे कठीण होते, ते दुर्भिक्ष. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत काही महिने जातात, आणि माणसाने करावयाचे ते त्याच महिन्यांत.

दामाजीपंतांचे आख्यान लावले, की मंगळवेढ्याची कोठारे उघडताना श्रोत्यांचे डोळे भरून येतात. तेथे उणीव धान्याची होती. १९७२ च्या दुष्काळातलीही लोकांना आठवते ती मिलो आणि सुकडी. पण २०१६ साली लातुरात काय झाले? दुकानांत धान्य होते, नळाला पाणी नव्हते. एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर. म्हणजे आता भिक्षा पाण्याची! आणि हे कोठार चैत्रात उघडायचे तर आश्विनातच भरलेले पाहिजे.

थोडे गणित करू. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होते. ४०० मिलिमीटर पडला तर ४० लाख लिटर. त्या गाडीच्या आठपट, आणि तेही एका हेक्टरावर! सगळे हाती लागत नाही हो. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते. मुरते तेवढेच विहिरीला येते. म्हणून बांधबंदिस्ती आधी, विहीर खोल करणे मागून.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे-गुरे, मग पिके. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाहीत, असा गावाचा नेम. एकादशीचा उपास आपण पाळतो, त्याहून हा नेम अवघड आहे. शेजाऱ्याचा ऊस पाहून मन चळते.

तर कार्तिकी करून घरी परतलात, की गावच्या विहिरीत दोर सोडा. मोटार सुरू होण्यापूर्वी, पहाटे. पाणी किती हात आहे ते भजनी मंडळाच्या वहीत तिथीसह लिहा. दर पौर्णिमेला पुन्हा मोजा. पौषापर्यंत किती उतरले ते पाहून उन्हाळी पिकाचे ठरवा. बी आणल्यावर नव्हे.