इंटरनेटची ओळख व घरबसल्या आंब्याचा व्यापार

चैत्र लागला म्हणजे आचऱ्याच्या तिठ्यावर आंब्याच्या पेट्या ट्रकात चढू लागतात. पेटी पूर्वी मुंबईस जाई, आता वाशीस जाते. दलालाची पट्टी काही दिवसांनी घरी येते, आणि पट्टीत जो दर लिहिला असेल तोच आपला दर, अशी रीत वाडवडिलांपासून चालत आली आहे. अलीकडे मात्र गावातील कित्येक तरुण बागाईतदार मोबाइलवरून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास आंबा विकू लागले आहेत. आमच्या वयाच्या पुष्कळ वाचकांच्या खिशात तेच यंत्र आहे. पण त्याचा उपयोग बोलणे व चित्रे पाहणे ह्यापलीकडे होत नाही. अशा बंधूंकरिता हा पाठ लिहिला आहे. आमचे इंग्रजी बेताचेच आहे, तेव्हा जे आम्हांस समजले ते इतर कोणासही समजण्यास हरकत नाही.

इंटरनेट म्हणजे काय?

जगातील असंख्य संगणक व मोबाइल एकमेकांस जोडून जे जाळे झाले आहे, त्यास इंटरनेट म्हणतात. पूर्वीच्या तारायंत्रात एका तारेवरून एक संदेश अखंड जात असे. इंटरनेटची रीत निराळी आहे. येथे संदेशाचे, चित्राचे किंवा पत्राचे लहान लहान तुकडे करतात, व प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व अनुक्रमांक घालतात. लग्नाचे वऱ्हाड निघाले असता काही मंडळी कणकवलीवरून येतात, काही मालवणवरून येतात, आणि शेवटी सर्वजण एकाच मांडवात जमतात. तसाच हा प्रकार होय. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तेवढाच पुन्हा मागवून घेतला जातो. एक वाट बंद पडली तरी दुसरीने काम चालते, हे ह्या योजनेचे मर्म आहे.

ह्या जाळ्याचा पहिला संदेश 29 ऑक्टोबर 1969 रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेस पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्र बंद पडले! पुढे 1989 साली जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी ‘वेब’ची कल्पना मांडली. इंटरनेट व वेब ह्यांस लोक एकच समजतात, परंतु इंटरनेट हा रस्ता आहे व वेब ही त्या रस्त्यावरील दुकाने, कचेऱ्या व वाचनालये आहेत. आपल्या देशात ही सोय सर्वसाधारण जनतेस 15 ऑगस्ट 1995 पासून विदेश संचार निगमाने खुली केली.

हे सर्व आकाशातून येते असा पुष्कळांचा समज आहे. खरी गोष्ट अशी की, परदेशांशी होणारी बहुतेक ये-जा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या केबलांतून होते. अशा कित्येक केबला मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन लागल्या आहेत. तेथून जमिनीवरील तारांनी संदेश मनोऱ्यापर्यंत येतो, आणि मनोऱ्यापासून आपल्या मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा लहरींचा. मे 2021 मधील तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले. वीज गेली की काही वेळाने मनोराही मुका होतो. म्हणून महत्त्वाचे कागद छापून घरातील पेटीत ठेवण्याची जुनी सवय कोणी सोडू नये.

त्यापासून मिळणाऱ्या सोयी

पहिली सोय आमच्या जुन्या खात्यातील. सातबाराच्या एका उताऱ्याकरिता उन्हातान्हात आलेले शेतकरी कचेरीच्या ओट्यावर बसलेले आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. 2018 सालापासून डिजिटल सहीचा उतारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपयांत घरी मिळतो, व त्यावर तलाठ्याची, म्हणजे हल्ली ज्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांची, सही-शिक्का लागत नाही. उतारा निघाला म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये. खातेदारांची नावे, क्षेत्र, फेरफार क्रमांक आणि विशेषतः ‘इतर हक्क’ हे सदर वाचावे. फेडलेल्या कर्जाचा बोजा तेथे वर्षानुवर्षे तसाच राहिलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

दुसरी सोय ई-पीक पाहणीची. 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची आहे. ही नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी हात चोळीत बसावे लागते. तिसरी सोय हवामानाची. भारतीय हवामान खात्याचे इशारे, शेतीच्या सल्ल्याकरिता ‘मेघदूत’ व विजांच्या सूचनेकरिता ‘दामिनी’ ही साधने विनामूल्य आहेत. चौथी सोय बाजारभावाची. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या बाजारांतील आवक व दर पाहावयास मिळतात. पट्टी हाती आली म्हणजे त्या तारखेचा दर शेजारी मांडून पाहावा. दलालाशी भांडण करण्याकरिता नव्हे, तर पुढील पेटी कोठे पाठवावी हे ठरविण्याकरिता.

घरबसल्या व्यापार

आता मुख्य विषयाकडे वळू. थेट विक्रीत मधला सर्व पैसा आपल्यास मिळतो, असे जे बोलले जाते ते पूर्ण खरे नाही. समजा, पाच डझनांची पेटी बाजारात 2,000 रुपयांस गेली व भाडे, हमाली वगैरे मिळून 300 रुपये वजा झाले. हाती 1,700 राहिले. तीच पेटी मुंबईच्या गिऱ्हाइकास 2,800 रुपयांस विकली. खोका व गवत ह्यांस 150, पार्सलास 450, आणि डाग किंवा साका निघालेल्या फळांच्या भरपाईस दहावा हिस्सा म्हणजे 280 धरले, तर 1,920 उरतात. म्हणजे नफा 800 रुपयांचा नसून 220 रुपयांचा आहे. तो सोडण्याजोगा नाही. परंतु 800 समजून खर्च करणाऱ्याचे हंगामाच्या शेवटी डोळे उघडतात.

दुसरी गोष्ट पतीची. गिऱ्हाईक फळ हाताळून पाहत नाही. आपण लिहिलेल्या शब्दावर पैसे देते. म्हणून फळाचे वजन, डझन, आंबा तयार की कच्चा, व खराब निघाल्यास काय करणार, हे आधीच स्पष्ट लिहावे. कोकणच्या हापुसास 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले व त्यात आपला जिल्हा आहे. मात्र ते चिन्ह वापरण्याकरिता बागाईतदाराने आपली नोंदणी करावी लागते. शेजारच्या देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने तर 2025 च्या हंगामापासून फळावर चिकटविण्याचे क्रमांकित शिक्के आणले, जेणेकरून परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावावर खपू नये. कोणी कोकमाचे आगळ किंवा आंबापोळी विकणार असेल, तर त्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करून घ्यावी.

आमचा अनुभव

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की लेखक मोठा जाणता आहे. म्हणून गेल्या हंगामातील हकीकत सांगणे प्राप्त आहे. एका गृहस्थाने दूरध्वनी करून, आपण लष्करातील अधिकारी आहोत, दहा पेट्या हव्यात, अशी मोठ्या अदबीने मागणी केली. दराची घासाघीस मुळीच केली नाही. तेथेच आम्ही सावध व्हावयास हवे होते. त्याने आमच्या खात्यात पाच रुपये खरोखरच पाठविले व नंतर एक चौकोनी चित्र धाडून म्हटले, “काका, हे स्कॅन करून पिन घाला, म्हणजे रक्कम आपल्या खात्यात जमा होईल.” आम्ही पिन घातला. 9,900 रुपये जमा होण्याऐवजी वजा झाले. “चूक झाली, पुन्हा करा, दोन्ही रकमा परत येतात,” असे त्याने सांगताच आम्ही दुसऱ्यांदा तेच केले! एकूण 19,800 रुपये गेले. वरील हिशोबाने नव्वद पेट्यांचा नफा तो.

कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका, असे तीस वर्षे लोकांस बजावणारे आम्ही. आमचाच अंगठा कोऱ्या कागदावर उठला. त्या लाजेने आम्ही तीन दिवस घरातही बोललो नाही. चौथ्या दिवशी बँकेत गेलो, तेव्हा तेथील कारकून म्हणाले, “तासाभरात कळविले असते तर रक्कम वाटेत अडविण्याचा संभव होता.” पैसे चोराने नेले हे खरे, पण ते परत येण्याची वाट आमच्या लाजेने बंद केली.

ध्यानात ठेवण्याचे नियम

1. पैसे घेण्याकरिता पिन कधीही लागत नाही. पिन हा पैसे देण्याचाच हुकूम होय.
2. मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे आपली सही. बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यासही तो सांगू नये.
3. “पैसे पाठविले” असा संदेश किंवा छायाचित्र पुरावा नव्हे. खात्यातील शिल्लक स्वतः पाहून मगच पेटी हलवावी.
4. अनोळखी इसमाने पाठविलेली लग्नपत्रिका, सरकारी योजनेची यादी वगैरे नावाची फाइल उघडून मोबाइलात बसवू नये.
5. व्यापाराचे खाते निराळे ठेवावे व त्यात बेताचीच रक्कम असू द्यावी.
6. फसगत झाल्यास त्याच घटकेस 1930 ह्या क्रमांकावर कळवावे, नंतर बँकेस. हा क्रमांक देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

गावपळणीच्या वेळी आपण सर्वजण वेशीबाहेर राहतो, म्हणून वेस म्हणजे काय हे आचरेकरांस निराळे सांगावयास नको. इंटरनेटला वेस नाही. गिऱ्हाईक ज्या वाटेने येते त्याच वाटेने चोरही येतो. राखण ज्याची त्यानेच करावयाची आहे. असे असता ही वाट बंद करून बसावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फसगतीनंतर उरलेल्या हंगामात आम्ही त्याच मोबाइलवरून एकेचाळीस पेट्या विकल्या, आणि प्रत्येक पेटीचे पैसे खात्यात पाहिल्यावरच खोका बांधला. ज्या सभासदांस उतारा काढणे किंवा पीक पाहणीची नोंद करणे जमत नसेल, त्यांनी आपला मोबाइल घेऊन आमच्याकडे जरूर यावे. पिन मात्र आम्हांसही सांगू नये.