मेंदूतील अरुंद रक्तवाहिनी : कोणती तपासणी काय सांगते?

सकाळी हातातला तांब्या अचानक गळून पडतो, जीभ जड होते आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. घरची मंडळी म्हणतात, अशक्तपणा असेल. पण हा लकव्याचा पूर्वइशारा असू शकतो. मेंदूला रक्त पुरविणारी धमनी चरबीच्या थराने आतून अरुंद झाली की असे घडते. पाश्चात्त्य देशांत हा थर बहुधा मानेतील धमनीत आढळतो. आपल्याकडे तो कवटीच्या आतील धमन्यांतही बराच आढळतो. म्हणून केवळ मानेची सोनोग्राफी चांगली आली, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

१९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आजची डीएसए. ही सर्वांत अचूक तपासणी होय. पण जांघेतून किंवा मनगटातून नळी आत न्यावी लागते व त्यात थोडा धोका असतो. म्हणून आधी नळी न घालता होणाऱ्या तपासण्यांचा विचार करतात.

टीसीडी : कानशिलावर यंत्र टेकवून ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजतात. नळाच्या तोंडावर बोट धरले की धार जोरात उडते, तसेच अरुंद जागी रक्त वेगाने धावते. किरणोत्सर्ग नाही, खाटेजवळही करता येते. मात्र उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, कानशिलाचे हाड ध्वनिलहरी आत जाऊ देत नाही. शिवाय करणाऱ्याचा हात सरावाचा हवा.

एमआर अँजिओग्राफी : चुंबकीय यंत्रावर, बहुधा इंजेक्शनशिवाय होते. रक्त संथ वा भोवऱ्यासारखे वाहत असेल तर अरुंदपणा प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो. पेसमेकर असल्यास आधी सांगावे.

सीटी अँजिओग्राफी : हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन काही मिनिटांत होते. धमनीची पोकळीच दिसत असल्याने मोजमाप सहसा चांगले होते. पण क्ष-किरण लागतात, मूत्रपिंडाचा विकार वा ॲलर्जी असल्यास जपावे लागते आणि धमनीत चुना साचला असेल तर चित्र फसवते.

मग भरवसा किती ठेवावा? २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'सोनिया' या अभ्यासात पहिल्या दोन तपासण्या नळीच्या अँजिओग्राफीशी ताडून पाहिल्या. 'निम्मी वा अधिक अरुंद' असा निष्कर्ष टीसीडीत शंभरपैकी ३६ वेळा, तर एमआरमध्ये ५९ वेळाच खरा ठरला. उलट 'दोष नाही' हा निष्कर्ष अनुक्रमे ८६ व ९१ वेळा खरा निघाला. अर्थ सरळ आहे : अहवाल चांगला आला तर बराच दिलासा, दोष दिसला तर ती शंका समजावी, शिक्षा नव्हे. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी.

अहवाल हाती पडताच स्टेंटसाठी शेत विकायला निघू नये. २०११ साली ४५१ रुग्णांवरील 'सॅम्प्रिस' अभ्यासात स्टेंट घातलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांना, तर केवळ औषधे व पथ्य घेणाऱ्यांपैकी ५.८ टक्क्यांना तीस दिवसांत लकवा किंवा मृत्यू आला. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, तंबाखू-विडी सोडणे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या न चुकता घेणे, हाच बहुतेकांचा पहिला उपचार आहे.

एक भेद लक्षात ठेवावा. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर वरीलपैकी कोणती तपासणी करावी याची चर्चा घरी करू नये. आधी साधा सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहतात. नसल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. मेहकर, लोणार वा सिंदखेडराजाकडच्या रुग्णाचा बराच वेळ रस्त्यातच जातो. तो मालिशीत वा कबुतराचे रक्त चोळण्यात दवडू नये. लक्षण केव्हा सुरू झाले ती वेळ कागदावर लिहावी, सीटी स्कॅन व हे इंजेक्शन असलेल्या दवाखान्याला फोन करावा आणि थेट तेथेच निघावे. लक्षणे आपोआप गेली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.