बिळातली चिंबोरी हाताला कशी कळते?

प्रश्न : आमच्या रेवदंड्याच्या खाडीत ओहोटी लागली की माझे काका चिंबोऱ्या धरायला जातात. चिखलातल्या बिळात लोखंडी आकडी घालतात, नजर भलतीकडेच, आणि सांगतात, "आत हाय, मोठी हाय." ना हात दिसतो, ना आकडीचं टोक. मग आपण कुठवर पोचलो हे मेंदूला कळतं कसं?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आधी आकडी बाजूला ठेवू, नुसत्या हाताचं बघू. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावा; सहसा चुकत नाही. स्नायूंच्या आत त्यांची लांबी टिपणारे बारीक संवेदक असतात. कोपर किती वाकलं, दंड किती ताणला, याची खबर ते सतत मेंदूला देत राहतात. ही खबर थांबली तर काय होतं, ते इंग्लंडच्या इयान वॉटरमन यांच्यामुळे कळलं. १९७१ साली, १९व्या वर्षी, आजारपणात त्यांची मानेखालची ही जाणीव गेली. अंगात जोर होता, पण बघितल्याशिवाय हात कुठे आहे ते कळेना. नजरेच्या आधाराने ते पुन्हा चालायला शिकले, हे मला आजही विलक्षण वाटतं. दिवे गेले की मात्र कोसळत.

मेंदूच्या माथ्याकडच्या भागात ही खबर आणि डोळ्यांना दिसलेलं, दोन्ही एकत्र येतं. मायकेल ग्राझियानो आणि सहकाऱ्यांनी २००० साली माकडाचा खरा हात झाकला आणि वर खोटा हात ठेवला. खरा हात जागीच होता, तरी खोट्याची जागा बदलताच तिथल्या काही पेशींचे संदेश बदलले. म्हणजे हाताची जागा हा मेंदूने बांधलेला अंदाज आहे, आणि बिळात तो डोळ्यांवाचून बांधावा लागतो.

हात पुढे नेताना तर एकेक पेशी फारच मोघम बोलते. अपोस्टोलोस जॉर्जोपुलोस यांनी १९८२ मध्ये माकडांना मधल्या बिंदूपासून आठ दिशांना हात न्यायला लावला. हालचाल घडवणाऱ्या भागातल्या बहुतेक पेशी आपापल्या आवडत्या दिशेला जोरात संदेश देत, आणि दिशा जसजशी दूर जाई तसतसा जोर ओसरे. एकीवरून दिशा ठरवता येत नव्हती. पण शेकडो पेशींचे कौल त्यांच्या जोराप्रमाणे एकत्र केले, की हात जिकडे चालला तीच दिशा निघे. यातल्या कित्येक पेशी हात थांबलेला असताना त्याच्या जागेप्रमाणेही संदेश कमीजास्त करतात.

आता आकडी. जपानमध्ये आत्सुशी इरिकी यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं. हाताजवळची वस्तू दिसली की जागणाऱ्या काही पेशी, दाताळं वापरल्यावर त्याच्या टोकापर्यंतच्या जागेलाही जागू लागल्या. दाताळं नुसतं हातात धरलं तर तसं होत नसे. काम करावं लागे. शिवाय २०१८ मध्ये ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हातातल्या काठीला कुठे धक्का लागला ते माणूस न बघता, काठीच्या थरथरीवरून, बरंच अचूक सांगतो. कवचावर लोखंड आपटलं की मऊ चिखलापेक्षा वेगळी थरथर तळहाताला जाणवते. मोठी की लहान, हे मात्र काकांनाच विचारा. ते ओळखायला बरीच वर्षं आकडी चालवावी लागते.